लिनक्स लॅपटॉपच्या स्पीकरमधून आवाज येत नाही? आधी तो कुठे अडलाय ते शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. घरात पडून असलेल्या पण अजून धडधाकट लॅपटॉपचं करायचं काय, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी त्यावर लिनक्स मिंट, उबुंटू किंवा फेडोरा टाकलं. वायफाय चालतं, टचपॅड चालतो, स्क्रीन लख्ख दिसते. मग गाणं लावलं की स्पीकर गप्प. आवाजाची पट्टी शंभरावर नेली तरी काही ऐकू येत नाही.

अशा वेळी बहुतेक जण नेटवर सापडलेल्या आज्ञा एकामागून एक टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चिकटवत सुटतात. त्यातली एखादी २०१२ सालच्या उबुंटूसाठी असते, एखादी वेगळ्याच चिपसाठी. तासाभराने मूळ बिघाड तर तसाच राहतो, वर आणखी दोन नवे तयार झालेले असतात. म्हणून आग्रहाने सांगतो: आवाज नेमका कोणत्या टप्प्यावर अडलाय हे कळेपर्यंत काहीही बदलू नका. आणि बदलायला घेतलंत की एका वेळी एकच गोष्ट बदला, तिचा परिणाम बघा, उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करा आणि मगच पुढे जा.

आज्ञांबद्दल एक सूचना. इथे त्या देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आकडेही इंग्रजी. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘सीटीएल’सारखं जिथे अक्षरांची नावं दिसतील तिथे तीच अक्षरं सलग टाइप करायची.

आवाजाचा रस्ता

सगळ्यात खाली असतं हार्डवेअर: स्पीकर, त्यांना जोर देणारा अँप्लिफायर आणि कोडेक नावाची चिप. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही चिप रिअलटेकची असते. तिच्या वर कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, अल्सा हा थर. प्रत्यक्ष साउंड कार्डशी बोलणारे ड्रायव्हर याच थरात असतात. त्याच्याही वर साउंड सर्व्हर. ब्राउझर, व्हीएलसी, व्हिडिओ कॉल अशा सगळ्या प्रोग्रॅमचा आवाज एकत्र करून तो योग्य उपकरणाकडे पाठवणं हे सर्व्हरचं काम.

पूर्वी हा सर्व्हर म्हणजे पल्सऑडिओ असायचा. आता बहुतेक ठिकाणी पाइपवायर असतो. फेडोराने २०२१ मध्ये ३४ व्या आवृत्तीपासून तो आणला, उबुंटूने २२.१० पासून, मिंटने २२ पासून. पाइपवायरसोबत वायरप्लंबर नावाचा जोडीदार असतो. कोणता आवाज कोणत्या उपकरणाकडे जाणार, हे तो ठरवतो. तुमच्याकडे काय आहे ते या आज्ञेने कळेल:

पीएसीटीएल इन्फो

उत्तरात ‘सर्व्हर नेम’ची ओळ शोधा. तिथे ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर …)’ असं दिसलं तर पाइपवायर आहे. नुसतं ‘पल्सऑडिओ’ दिसलं तर जुनी व्यवस्था आहे. पुढचं बरंचसं दोन्हींना लागू पडतं, फरक असेल तिथे तसं सांगेन.

पहिली पाच मिनिटं: टर्मिनल न उघडता

हेडफोन लावून बघा. हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका प्रयोग. हेडफोनमध्ये आवाज आला याचा अर्थ कर्नल, ड्रायव्हर, सर्व्हर हे सगळं बऱ्यापैकी ठीक आहे आणि गडबड फक्त स्पीकरच्या वाटेवर आहे. हेडफोनमध्येही शांतता असेल तर गोष्ट आणखी मागे गेली. हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे.

मग ब्लूटूथ बंद करा. शेजारच्या खोलीत, बॅगेत किंवा डबीत पडलेले इअरबड्स लॅपटॉपशी आपोआप जोडले जातात आणि आवाज मुकाट्याने तिकडे जातो. असं वाटतं त्यापेक्षा फार वेळा होतं.

आता सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ हा छोटा प्रोग्रॅम टाका. पॅकेजचं नाव पीएव्हीयूकंट्रोल. पाइपवायर असला तरी तो व्यवस्थित चालतो. डेस्कटॉपच्या स्वतःच्या साउंड सेटिंग्जपेक्षा यात जास्त दिसतं, त्यामुळे माझ्या मते लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाकडे तो असावाच.

एखादं गाणं चालू ठेवून त्याचा ‘प्लेबॅक’ टॅब उघडा. तिथे ब्राउझरची ओळ दिसली पाहिजे आणि तिच्याखालची पट्टी आवाजाच्या लयीत हलली पाहिजे. ओळ दिसते पण पट्टी हलत नाही? मग दोष त्या प्रोग्रॅमचा. ब्राउझरचा तो टॅब म्यूट झालाय का बघा. पट्टी हलतेय, पण ओळीत उपकरण म्हणून भलतंच नाव आहे? ते तिथल्या तिथे बदला. कोणत्या प्रोग्रॅमचा आवाज कुठे पाठवायचा हे सर्व्हर लक्षात ठेवतो. कधीतरी टीव्हीला जोडलेला ब्राउझर महिन्याभरानंतरही टीव्हीच शोधत बसतो, त्याचं कारण हेच.

आता ‘आउटपुट डिव्हायसेस’ हा टॅब उघडा. इथे जे दिसेल त्यावर पुढची वाट ठरते.

‘बिल्ट-इन ऑडिओ’ किंवा तत्सम नाव आहे, पट्टी हलतेय, तरी आवाज नाही: मग पोर्ट, म्यूट आणि अल्सामिक्सरचा भाग बघा.

फक्त एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट दिसतंय: प्रोफाइलचा भाग बघा.

‘डमी आउटपुट’ दिसतंय: सर्व्हरला एकही साउंड कार्ड सापडलेलं नाही. सरळ डमी आउटपुटच्या भागाकडे जा.

फक्त एचडीएमआय दिसत असेल तर

‘कॉन्फिगरेशन’ हा शेवटचा टॅब उघडा. प्रत्येक कार्डासमोर ‘प्रोफाइल’ची यादी असते. लॅपटॉपच्या मूळ कार्डासमोर ‘ऑफ’ किंवा ‘एचडीएमआय’ निवडलेलं असेल तर ते बदलून ‘अनालॉग स्टिरिओ डुप्लेक्स’ करा. ‘प्रो ऑडिओ’ असेल तर तेही बदला. ते रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी आहे. त्यात स्पीकर आणि हेडफोनचे पोर्ट सर्व्हर सांभाळत नाही, त्यामुळे साध्या वापरात स्पीकर गप्प राहू शकतात.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्या लॅपटॉपमध्ये हा प्रकार जास्त दिसतो, कारण तिथे ग्राफिक्सच्या एचडीएमआयचं कार्ड आणि स्पीकरचं कार्ड अशी दोन वेगळी कार्डं असतात. बरेचदा एचडीएमआयचं कार्ड ० क्रमांकावर आणि स्पीकरचं १ क्रमांकावर बसतं. नेटवरच्या आज्ञांमध्ये जिथे तिथे ‘कार्ड ०’ लिहिलेलं असतं, म्हणून आपला क्रमांक आधी तपासा:

एप्ले -एल

(इंग्रजी ‘ए’ला जोडून ‘प्ले’, मग जागा सोडून उणे चिन्ह आणि ‘एल’.) या यादीत प्रत्येक कार्डाचा आणि त्यातल्या उपकरणाचा क्रमांक मिळतो. ज्या ओळीत एएलसी२५७, एएलसी२९५ असं काहीतरी आणि पुढे ‘अनालॉग’ लिहिलंय, ते स्पीकरचं कार्ड.

सगळं बरोबर दिसतंय, तरी शांतता

‘आउटपुट डिव्हायसेस’मध्ये कार्डाच्या नावाखाली ‘पोर्ट’ची यादी असते. तिथे ‘स्पीकर्स’ निवडलेलं हवं. हेडफोन लावलेला नसताना तिथे ‘हेडफोन्स (प्लग्ड इन)’ दिसत असेल तर चोर सापडला. जॅकमधली लहानशी पट्टी अडकलेली आहे किंवा आत धूळ गेली आहे, आणि लॅपटॉपला वाटतंय की हेडफोन लावलेला आहे.

याची खातरजमा थेट कर्नलकडून करता येते:

एमिक्सर -सी ० कंटेंट्स

(० च्या जागी तुमच्या कार्डाचा क्रमांक.) लांबलचक यादी येईल. त्यात ‘हेडफोन जॅक’ शब्द असलेली ओळ शोधा. तिच्याखाली ‘व्हॅल्यूज=ऑन’ किंवा ‘ऑफ’ लिहिलेलं असतं. जॅक रिकामा असताना ‘ऑन’ दिसलं म्हणजे दोष यांत्रिक आहे, त्यावर सॉफ्टवेअरची कितीही उलथापालथ केली तरी ती वरवरचीच. लॅपटॉप बंद करून हेडफोनची पिन आठ-दहा वेळा हलक्या हाताने आत-बाहेर करा. जॅकमध्ये टाचणी किंवा सुई मात्र घालू नका. पट्टी वाकली तर पुढे जॅकच बदलावा लागतो.

आता अल्सामिक्सर. टर्मिनलमध्ये नुसतं

अल्सामिक्सर

टाइप करा. हा प्रोग्रॅम दिसायला जुनाट आहे, पण स्पीकर गप्प असण्याच्या माझ्या पाहण्यातल्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त इथेच सुटतात, म्हणून जरा थांबून बघू.

उघडल्यावर बहुतेक वेळा एक किंवा दोनच उभ्या पट्ट्या दिसतात. ते खरं कार्ड नव्हे, साउंड सर्व्हरचं रूप आहे. एफ६ दाबा. (काही लॅपटॉपवर एफएन धरून एफ६ दाबावं लागतं.) यादीतून खरं कार्ड निवडा: ‘एचडीए इंटेल पीसीएच’, ‘एसओएफ-एचडीए-डीएसपी’ किंवा ‘एचडी-ऑडिओ जेनेरिक’ अशा नावाचं. आता मास्टर, हेडफोन, स्पीकर, पीसीएम अशा बऱ्याच पट्ट्या दिसतील. प्रत्येक पट्टीच्या पायाशी छोटा चौकोन असतो. त्यात ‘००’ असेल तर वाट मोकळी, ‘एमएम’ असेल तर म्यूट. डाव्या-उजव्या बाणाने ‘स्पीकर’वर जा. ‘एमएम’ असेल तर एम हे बटण दाबा, मग वरच्या बाणाने पट्टी वर न्या. मास्टरचंही तसंच. काही लॅपटॉपवर ‘बास स्पीकर’ अशी वेगळी पट्टी असते, तीही बघा.

मग उजव्या बाणाने शेवटपर्यंत जा. तिथे ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडेल. हेडफोन लावला की स्पीकर बंद करायचे, हे तो ठरवतो. ‘एनेबल्ड’ असेल आणि जॅक वर सांगितल्याप्रमाणे अडकलेला असेल, तर स्पीकर कधीच बोलणार नाहीत. खालच्या बाणाने ‘डिसेबल्ड’ करून बघा. लगेच आवाज आला तर कारण नक्की झालं. जॅक दुरुस्त होईपर्यंत एवढ्यावर भागेल, फक्त पुढे खरे हेडफोन लावलेत तर स्पीकरही सोबत वाजत राहतील.

एस्केप दाबून बाहेर या आणि बदल टिकावा म्हणून:

सुडो अल्सासीटीएल स्टोअर

या लेखात सुडो (आज्ञा रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या हक्कांनी चालवणं) लागणाऱ्या जागा मोजक्या आहेत. पीएव्हीयूकंट्रोल किंवा साउंड सर्व्हरच्या आज्ञा सुडो लावून चालवू नका. सर्व्हर तुमच्या खात्यात चालतो, रूटच्या नाही, त्यामुळे सुडो लावलं की उत्तर चुकीचं मिळतं आणि कधीकधी फाइलींचे हक्क बिघडतात.

सर्व्हरला बाजूला ठेवून थेट चाचणी

अजून आवाज नाही? मग आता दोष सर्व्हरचा की त्याखालचा, हे एका चाचणीत ठरवता येतं. गाणी, व्हिडिओ सगळं बंद करा. पाच-दहा सेकंद थांबा, म्हणजे वायरप्लंबर कार्ड मोकळं करतो. मग:

स्पीकर-टेस्ट -डी प्लगएचडब्ल्यू:०,० -सी २ -टी डब्ल्यूएव्ही

इथे ‘डी’ मोठा, बाकी सगळं छोटं. पहिल्या शून्याच्या जागी कार्डाचा आणि दुसऱ्याच्या जागी उपकरणाचा क्रमांक. हा आवाज साउंड सर्व्हरला वळसा घालून थेट अल्साकडे जातो. ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ असं बोलणं ऐकू आलं तर खालचं सगळं ठणठणीत आहे, दोष सर्व्हरमध्ये. कंट्रोल आणि सी दाबून चाचणी थांबवा. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असा संदेश आला तर कुठला तरी प्रोग्रॅम अजून कार्ड धरून बसलाय. तो बंद करून पुन्हा बघा.

दोष सर्व्हरमध्ये असेल आणि तो पाइपवायर असेल तर तो आधी नव्याने सुरू करा:

सिस्टमसीटीएल --यूजर रीस्टार्ट वायरप्लंबर पाइपवायर पाइपवायर-पल्स

(दोन उणे चिन्हं सलग, मग ‘यूजर’.) त्यानंतर:

डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस

‘सिंक्स’ या मथळ्याखाली आवाज बाहेर पाठवणारी उपकरणं दिसतात. ज्याच्यापुढे चांदणी आहे ते सध्याचं. ओळीच्या शेवटी कंसात आवाजाची पातळी असते आणि म्यूट असेल तर तिथेच ‘म्यूटेड’ लिहिलेलं असतं. चांदणी चुकीच्या जागी असेल तर योग्य ओळीचा क्रमांक घेऊन:

डब्ल्यूपीसीटीएल सेट-डिफॉल्ट ५२

(५२ हे उदाहरण. हा क्रमांक प्रत्येक वेळी बदलू शकतो.)

तरीही गाडी अडली तर वायरप्लंबरने साठवलेल्या जुन्या निवडी कारणीभूत असू शकतात. त्या होम फोल्डरमधल्या ‘.लोकल’ या लपलेल्या फोल्डरात, ‘स्टेट’च्या आत ‘वायरप्लंबर’ नावाने असतात. तो फोल्डर पुसू नका, त्याचं नाव बदला आणि लॉगआउट करून परत लॉगइन करा. नवा फोल्डर आपोआप तयार होतो. जुन्या पल्सऑडिओत हेच काम ‘.कॉन्फिग’मधला ‘पल्स’ फोल्डर बाजूला केल्याने होतं.

डमी आउटपुट: कार्डच सापडत नाही

‘डमी आउटपुट’ हे नाव बघून अनेकांना वाटतं की स्पीकर जळाले. त्याचा अर्थ एवढाच की सर्व्हरला खालून कुठलंही कार्ड मिळालं नाही, म्हणून त्याने एक नावापुरतं उपकरण उभं केलं. आधी बघायचं की कर्नलला तरी कार्ड दिसतंय का:

एलएसपीसीआय -के

यादीत ‘ऑडिओ’ शब्द असलेली ओळ शोधा. ती ‘ऑडिओ डिव्हाइस’ किंवा ‘मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर’ अशी असेल. तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून ड्रायव्हरचं नाव हवं.

अशी ओळच नसेल तर बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन ऑडिओ बंद केलेला नाही ना ते बघा. ऑफिसातून निघालेल्या सेकंडहँड लॅपटॉपवर ही शक्यता नक्की तपासावी. काही कंपन्या बायोसमधूनच माइक आणि स्पीकर बंद करून ठेवतात.

ओळ आहे पण ‘ड्रायव्हर इन यूज’ नाही, आणि हा प्रकार अपडेटनंतर सुरू झाला? मग आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा. कर्नल बदललाय पण जुनाच चालू आहे, अशा स्थितीत लागणारे मॉड्यूल (ड्रायव्हरच्या फाइली) डिस्कवर सापडत नाहीत. आर्च लिनक्सवर हे ठरलेलं. उबुंटूवर आणखी एक गोष्ट होते: साउंडचे बरेच ड्रायव्हर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ या वेगळ्या पॅकेजात असतात, आणि कर्नल अर्धवट बसला की ते पॅकेज राहून जातं. आवाजाबरोबर वायफायही गेलं असेल तर हाच संशय घ्या. फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट घ्या आणि ‘लिनक्स-जेनेरिक’ हे पॅकेज बसवा, ते उरलेलं ओढून आणतं.

ड्रायव्हरच्या नावात ‘एसओएफ’ आहे आणि कार्ड नाही? मग बहुधा फर्मवेअर (चिपमध्ये चालणारं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर) नसेल. साधारण २०१९ नंतरच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमध्ये आतला माइक डिजिटल असतो आणि तो प्रोसेसरच्या बाजूच्या डीएसपीला, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या भागाला, जोडलेला असतो. त्या डीएसपीला चालू होताना स्वतःचं फर्मवेअर लागतं. त्याचं नाव साउंड ओपन फर्मवेअर, संक्षेपात एसओएफ. ही फाइल नसेल तर माइकच काय, स्पीकरसुद्धा दिसत नाहीत, कारण पूर्ण कार्डच उभं राहत नाही. खात्री अशी करा:

सुडो जर्नलसीटीएल -के -बी | ग्रेप -आय एसओएफ

इथे ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर इंटेल/एसओएफ/एसओएफ-टीजीएल.आरआय फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ आली तर ती नीट वाचा. टीजीएल म्हणजे टायगर लेक, इंटेलची अकरावी पिढी. तुमच्याकडे दुसरी अक्षरं असतील. शेवटचं ‘-२’ महत्त्वाचं: कर्नलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘फाइल सापडली नाही’. म्हणजे हार्डवेअर ठीक, ड्रायव्हर ठीक, फक्त एक पॅकेज राहिलंय.

डेबियनमध्ये ते पॅकेज ‘फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड’, फेडोरात ‘अल्सा-एसओएफ-फर्मवेअर’, आर्चमध्ये ‘एसओएफ-फर्मवेअर’. डेबियनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअरसाठी ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग झाला. ११ वरून अपग्रेड केलं असेल तर सोर्सेसच्या यादीत तो विभाग स्वतः जोडावा लागतो, नाहीतर पॅकेज सापडतच नाही. सोबत ‘अल्सा-यूसीएम-कॉन्फ’ हे पॅकेजही हवं. कोणत्या वाटेला स्पीकर आणि कोणत्या वाटेला माइक, हा नकाशा त्यात असतो. कार्ड दिसतंय पण प्रोफाइल विचित्र आहेत, अशी तक्रार बऱ्याचदा हे पॅकेज जुनं असल्यामुळे येते. पॅकेज टाकल्यावर रीस्टार्ट करा.

हे करूनही जमलं नाही तर एसओएफला वगळून जुन्या ड्रायव्हरने प्रयत्न करता येतो. ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ‘साउंड.कॉन्फ’ नावाची फाइल करून त्यात एकच ओळ लिहायची:

ऑप्शन्स एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी डीएसपी_ड्रायव्हर=१

रीस्टार्टनंतर स्पीकर चालू होतात, पण लॅपटॉपचा आतला डिजिटल माइक बंद पडतो. ऑनलाइन वर्ग किंवा मीटिंग असणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या. मी हा उपाय तात्पुरताच मानतो. साउंडवायर जोडणी असलेल्या नव्या लॅपटॉपवर तर तो चालतही नाही.

तिथेच असताना ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डर नजरेखालून घाला. पूर्वी कुणीतरी नेटवरून घेतलेल्या ‘ब्लॅकलिस्ट’च्या किंवा ‘मॉडेल=’वाल्या ओळी तिथे पडून असतील तर त्या नव्या कर्नलवर नडतात. अशा फाइली बाजूला काढून बघा. फक्त डिस्ट्रोने (मिंट, उबुंटू, फेडोरा असा जो लिनक्स टाकलाय त्याने) स्वतः ठेवलेल्या फाइलींना हात लावू नका.

हेडफोन वाजतो, स्पीकर मात्र नाही

जॅक बघितला, म्यूट बघितलं, ऑटो-म्यूट बघितलं, तरी स्पीकर गप्प. किंवा आवाज येतो, पण डबीतून आल्यासारखा पातळ. नव्या, सडपातळ लॅपटॉपमध्ये याचं कारण बहुतेक वेळा अँप्लिफायर असतो.

हेडफोनला लागणारी ताकद कोडेक चिप स्वतः देते. स्पीकरला जास्त जोर लागतो, आणि आता त्यासाठी ‘स्मार्ट अँप’ नावाच्या वेगळ्या चिपा असतात. सायरस लॉजिकची सीएस३५एल४१ आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएएस२७८१ या दोन बऱ्याच लॅपटॉपमध्ये सापडतात. लॅपटॉप सुरू होताना कर्नलने त्या शोधून, त्यांना फर्मवेअर देऊन जागं करावं लागतं. हे झालं नाही तर कोडेकपर्यंत सगळं चालतं, अल्सामिक्सरमध्ये सगळं हिरवं दिसतं आणि स्पीकरला मात्र वीजच पोचत नाही. काही मॉडेलमध्ये दोन लहान आणि दोन मोठे स्पीकर असतात. त्यातले मोठे झोपलेले राहिले की आवाज पातळ येतो.

तपासण्यासाठी वरचीच जर्नलसीटीएलची आज्ञा घ्या, ‘एसओएफ’च्या जागी ‘सीएस३५’ किंवा ‘टीएएस२’ लिहा. चिपचं नाव आणि सोबत ‘फेल्ड’ दिसलं तर ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अद्ययावत करा. काहीच दिसलं नाही, तर तुमचा कर्नल त्या मॉडेलला ओळखत नसण्याची शक्यता आहे.

ही ओळख कशी पटते तेही सांगतो. प्रत्येक लॅपटॉपच्या साउंडला निर्मात्याने दिलेला एक सबसिस्टम क्रमांक असतो. ‘प्रॉक’मधल्या ‘असाउंड’ फोल्डरात, कार्डाच्या आत ‘कोडेक#०’ नावाची फाइल असते, ती उघडली की तो दिसतो. सुरुवातीची चार अक्षरं कंपनी सांगतात: १७एए म्हणजे लेनोवो, १०३सी म्हणजे एचपी, १०२८ म्हणजे डेल, १०४३ म्हणजे आसुस. पुढची चार मॉडेल. कर्नलमध्ये अशा क्रमांकांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकापुढे ‘या मॉडेलला ही विशेष सोय लागते’ अशी नोंद आहे. तुमचा क्रमांक तिथे नसेल तर स्पीकर गप्प, पुढच्या कर्नलमध्ये तो आला की एका अपडेटनंतर बोलू लागतात.

म्हणून नव्या लॅपटॉपवर पहिला खरा उपाय म्हणजे नवा कर्नल. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ आहे. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणाऱ्या) आवृत्तीवर ‘एचडब्ल्यूई’ हा नव्या हार्डवेअरसाठीचा कर्नल घ्या. डेबियनवर बॅकपोर्ट्समधला, म्हणजे चालू आवृत्तीसाठी वेगळा दिलेला नवा कर्नल. जुना कर्नल काढू नका. नवा पटला नाही तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून जुन्यावर परतता येतं.

सोबत विंडोज असेल तर

विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून थेट लिनक्समध्ये आलात तर काही कोडेक आणि अँप विंडोजने सोडलेल्या अवस्थेतच राहतात आणि लिनक्सला दाद देत नाहीत. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. मग लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून ठेवा आणि सुरू करून सरळ लिनक्समध्ये या. आवाज कधी असतो, कधी नसतो, अशी तक्रार असेल तर हे सगळ्यात आधी करून बघा.

आवाज फक्त बॅटरीवर असताना जातो, किंवा दरवेळी सुरुवातीचा सेकंदभर भाग तुटतो, टक असा आवाज येतो? मग वीज वाचवण्याची सोय आड येतेय. ‘मॉडप्रोब.डी’मध्ये ही ओळ:

ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०

बॅटरी वाचवणारा टीएलपी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमधली साउंडची पॉवर सेव्हही बघा, नाहीतर ते ही ओळ परत बदलतं.

लॅपटॉप उघडण्याआधी

पेनड्राइव्हवर एखाद्या डिस्ट्रोची ताजी आवृत्ती घ्या, फेडोराची किंवा उबुंटूची सगळ्यात नवी, आणि काहीही इन्स्टॉल न करता लाइव्ह चालवा. तिथे स्पीकर वाजले तर तुमच्या बसवलेल्या सिस्टीममध्ये दोष आहे, किंवा तिचा कर्नल जुना आहे. लाइव्हमधला कर्नल कोणता ते ‘यूनेम -आर’ने बघून ठेवा, निदान तेवढा नवा हवा हे कळलं. लाइव्हमध्येही शांतता, विंडोजमध्येही शांतता, आणि हेडफोन मात्र वाजतो, असं असेल तर स्पीकर किंवा त्यांची वायर. नुकताच कीबोर्ड किंवा बॅटरी बदलली असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला पहिलं हेच सांगा: आत स्पीकरची बारीक पिन परत बसवायची राहिली असेल. तोवर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावून काम चालतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते सहज मिळतं, ऑनलाइनही. लिनक्सवर अशा बहुतेक साध्या यूएसबी कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

सगळं करून कारण कर्नलपाशी येऊन थांबलं असेल तर तक्रार नोंदवा. त्यासाठी:

अल्सा-इन्फो --नो-अपलोड

ही आज्ञा कार्ड, कोडेक, सबसिस्टम क्रमांक, मिक्सरची स्थिती, कर्नलची आवृत्ती हे सगळं एका फाइलीत गोळा करते आणि ती तुमच्याच लॅपटॉपवर ठेवते. पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या. डिस्ट्रोच्या बग नोंदणीत किंवा कर्नलच्या बगझिला या तक्रार नोंदवण्याच्या साइटवर ती फाइल जोडताना लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल लिहा. हेडफोन वाजतो का, स्पीकर-टेस्टचं उत्तर काय आलं आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं, हेही लिहा. ‘साउंड चालत नाही’ एवढ्या एका ओळीवर कुणालाच काही करता येत नाही. सबसिस्टम क्रमांकासह लिहिलेल्या तक्रारीवर मात्र कर्नलच्या यादीत एक ओळ वाढू शकते, आणि तोच लॅपटॉप घेतलेल्या बाकी सगळ्यांचे स्पीकर पुढच्या अपडेटबरोबर सुरू होऊ शकतात.